सांगायला कोण गेलं

जालन्याच्या कॉलेजात दर जानेवारीत व्याख्यानमाला भरायची. पंचाहत्तर साली तिसऱ्या दिवशीच्या पुण्याच्या वक्त्यांनी ऐनवेळी आजारपणाची तार ठोकली आणि प्राचार्य काकासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. मंडप घातलेला, गावभर रिक्षातून कर्णा फिरलेला, आणि खुर्चीत बसवायला माणूस नाही. पण काकासाहेब हातपाय गाळणाऱ्यांतले नव्हते. वेरूळ बघायला आलेला कुठल्याशा युरोपी देशाचा एक राजदूत औरंगाबादला उतरलाय, एवढं त्यांच्या कानावर आलं, आणि एका व्यापाऱ्याची मोटार मागून घेऊन ते त्याला जवळजवळ उचलूनच घेऊन आले. कशावरही बोला पण बोला, असं त्यांनी त्याला विनवलं म्हणे. साहेब भला माणूस. तो म्हणाला, मी आठ वर्षं रोमला होतो, मला एकाच विषयावर धड बोलता येतं. तो विषय होता कॅथलिक आणि यहुदी यांचे संबंध.

आता जालन्यात यहुदी औषधालाही सापडला नसता. ख्रिस्ती होते, पण त्यांतले कॅथलिक कोण आणि दुसरे कोण, हे त्यांच्या शेजाऱ्यांनाही सांगता आलं नसतं. तरी दीडदोनशे माणूस जमलं होतं. गोरा साहेब फुकट बघायला मिळतोय म्हटल्यावर कोण घरी बसतो? साहेबाचं इंग्रजी मराठीत सांगायचं काम कॉलेजच्या हेडक्लार्कवर, जगन्नाथरावांवर आलं. त्यांच्या हातचा इंग्रजी अर्ज गेला की मुंबईचं सचिवालयसुद्धा हलतं, अशी त्यांची ख्याती होती.

व्यासपीठाच्या डाव्या अंगाला पाण्याचा ट्रे घेऊन पुंजाराम उभा होता. पुंजाराम कॉलेजचा शिपाई, टेंभुर्णीचा, पन्नाशी ओलांडलेला. जगन्नाथरावही टेंभुर्णीचेच. सात वर्षांपूर्वी ते या कॉलेजात आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, गाववाले भेटले, आता दोघांचं मेतकूट जमणार. पण जगन्नाथरावांनी पहिल्याच दिवशी घरून पितळेचा फिरकीचा तांब्या आणला आणि तेव्हापासून पुंजारामच्या हातचं पाणी म्हणून घेतलं नाही. कुणी म्हणायचं, साहेबांचं पोट नाजूक आहे. कुणी म्हणायचं, जुनं सोवळं आहे. दोन्ही खरं नव्हतं, आणि खरं काय ते त्या दोघांखेरीज ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं.

साहेब दोन वाक्यं बोलायचा आणि थांबायचा. मग जगन्नाथराव घसा साफ करून मराठीत सांगायचे. येशू स्वतः यहुदीच होता हे ऐकून पहिल्या रांगेतले आडते एकमेकांकडे बघायला लागले. त्याला क्रुसावर चढवलं ते रोमन सरकारनं, पण आळ आला तो साऱ्या यहुद्यांवर. त्या वेळी जे जन्मालाही आले नव्हते त्यांच्यावरसुद्धा आला. त्यांच्या नातवांवर, पणतवांवर, एकोणीसशे वर्षं.

पुंजारामनं व्याख्यानमालेची सगळी भाषणं आजवर असं उभं राहूनच ऐकली होती आणि त्यांतली बरीचशी त्याच्या डोक्यावरून गेली होती. हे मात्र जाईना. मारला म्हणतात आणि तिसऱ्या दिवशी उठलाही म्हणतात, मग एवढी वर्षं राग कशाचा, हे कोडं तो घोळवत होता. तेवढ्यात जगन्नाथरावांचा आवाज बारीक झाला.

"गावात साथ आली," ते सांगत होते, "माणसं मरायला लागली, की लोक म्हणायचे, यहुद्यांनीच विहिरी नासवल्या. मग त्यांची घरं..."

इथं ते अडखळले. साहेबाला वाटलं, याला शब्द सापडत नाही. पुंजारामला माहीत होतं काय सापडत नाही ते.

सत्तावन सालच्या आखाडातली गोष्ट. टेंभुर्णीत दर आखाडात मरीआईचा गाडा निघायचा. लाकडाचा लहानसा गाडा, त्यात शेंदूर फासलेली देवी, नारळ आणि दहीभात. हलगी वाजवत तो शिवेपलीकडं नेऊन सोडला, की पटकीची साथ गावाबाहेर गेली असं गाव समजायचं. गाडा ओढायचं काम महारवाड्याचं, आणि त्या वर्षीची पाळी पुंजारामच्या घरची. पण त्याच्या आधीच्या हिवाळ्यात पुंजारामनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, बावीस प्रतिज्ञा खड्या आवाजात म्हटल्या होत्या. तो चावडीत गेला आणि म्हणाला, आता आमी गाडा वढनार न्हाई. भांडला नाही, आवाज चढवला नाही, नुसतं सांगून आला. गाडा देवळापाशी तसाच पडून राहिला, आणि पंधरा दिवसांत पटकी आली.

आठ दिवसांत अकरा लेकरं गेली. गाव अजून दहाच मोजतं. अकरावा होता पुंजारामचा भिवा, अडीच वर्षांचा, आणि त्याला मोजायची गावाला कधी गरज वाटली नाही. त्या दहांत जगन्नाथराव आणि विमलबाईंची अरुंधती होती, पाच वर्षांची, एकुलती एक. पुंजारामची बायको साळूबाई त्यांचं अंगण झाडायला जायची. पोर ओसरीवर उभी राहून "साळू, बोरं," म्हणून हाक मारायची आणि साळू वरून, शिवणार नाही अशा बेतानं, तिच्या परकराच्या ओच्यात बोरं टाकायची. अरू गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी भिवा गेला. साळूबाई दोघांसाठी एकदमच रडली, आणि कुणासाठी किती हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

जगन्नाथराव तेव्हा गावात मास्तर होते. पोरीला पोचवून परत येताना ते चावडीपुढं थांबले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "पुंजा, तू गाडा ओढला असतास तर माझी पोर जगली असती." एखादा अडाणी माणूस हे बोलला असता तर दोघाचौघांनी वाद तरी घातला असता. मास्तरच बोलले म्हटल्यावर वाद मिटला. दुसऱ्या दिवसापासून पाणी बंद, काम बंद, दुकानातलं मीठसुद्धा बंद. महिन्याच्या आत पुंजारामनं बायकोला घेऊन गाव सोडलं आणि जालना गाठलं.

जालन्यात साळूबाई जिनिंगमध्ये सरकी निवडायला जायची. पौर्णिमेला बुद्धविहारात वंदनेला सगळ्यांच्या आधी जाऊन बसायची. पण दर आखाडात एक दिवस खाडा करायची, आणि कुठं जायची ते पुंजारामला कधी कळलं नाही. मागच्या दिवाळीच्या आधी ती अंथरुणाला खिळली तेव्हा तिनंच सांगितलं. दर साली ती गावाबाहेर, टेंभुर्णीच्या रस्त्याला मरीआईच्या नावानं एक नारळ ठेवून येत होती. मग तिनं विचारलं, "आवं, गाडा वढला असता तर वाचली असती का व्हो दोघं? आपला भिवा अन् अरू?" पुंजारामनं त्यावर काय उत्तर दिलं ते तो आजवर कुणाला बोलला नव्हता. चार दिवसांनी साळूबाई गेली.

तेव्हापासून पुंजारामला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. ज्या तोंडानं तो आळ घातला, त्याच तोंडानं तो परत घेतलेला ऐकायचा. दुसऱ्या कुणी सांगून उपयोग नव्हता. स्वतःच्या मनाला तो रोज सांगत होता, आणि मन काही ऐकत नव्हतं.

व्यासपीठावर जगन्नाथरावांच्या घशाला कोरड पडली होती. त्यांचा तांब्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, साहेबाच्या पलीकडं राहिला होता. पुंजारामनं पुढं होऊन ट्रे धरला. जगन्नाथरावांनी पेल्याकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं, आणि पेला उचलून घटाघटा पाणी प्यायले. सात वर्षांत पहिल्यांदा. मंडपात कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

मग त्यांनी पुढचं सांगितलं. दहा वर्षांपूर्वी रोमला जगभरातले दोन हजारांवर बिशप जमले, आणि त्यांनी लिहून टाकलं की तो दोष सगळ्या यहुद्यांवर घालता येणार नाही, आणि आज जगणाऱ्यांवर तर नाहीच नाही. "दोष त्यांचा नव्हता," जगन्नाथराव म्हणाले. हे म्हणताना ते श्रोत्यांकडं बघत नव्हते, टेबलाच्या कडेकडं बघत होते.

शेवटी काकासाहेबांनी प्रश्न विचारायला सांगितलं. एका पेन्शनर वकिलांनी उठून, साहेबांच्या देशात खताचा भाव काय आहे, ते विचारून घेतलं. साहेबानं ते माहीत नसल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. मग ट्रे हातात धरूनच पुंजाराम बोलला.

"साहेब, एक इचारू का?"

काकासाहेबांच्या भुवया टोपीला जाऊन टेकल्या. पण साहेब त्याच्याकडं वळून बसला होता.

"कागद लिवला, ते बराबर हाय. पन ज्येंच्यावर आळ व्हता त्येन्ला सांगायला कोन गेलं? त्येंच्या दारात जाऊन कुनी सांगितलं का, की बाबा, तुमचा दोष न्हवता? अन् आळ डोक्यावर घिऊनच जे मेले, त्येन्ला कोन सांगनार?"

हे इंग्रजीत सांगायचं काम जगन्नाथरावांचंच. त्यांनी ते सांगितलं, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं. मग साहेबानं जे सांगितलं ते जगन्नाथरावांनी मराठीत आणलं: "ते म्हणतात, तो कागद चर्चमधून वाचून दाखवला. दारापर्यंत गेलेली माणसं आहेत, पण फार थोडी. मेलेल्यांना कोण सांगणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आठ वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं."

टाळ्या झाल्या, हार झाला, साहेब मोटारीत बसून गेला. पुंजाराम मंडपात सतरंज्या गुंडाळायला लागला. ऊन अजून उतरायचं होतं. अर्धी सतरंजी गुंडाळून झाली तेव्हा दुसरं टोक कुणीतरी धरलेलं त्याला दिसलं. जगन्नाथराव होते.

"राहू द्या साहेब. मी करून राह्यलो की."

"पुंजाराम," जगन्नाथराव म्हणाले, आणि सतरंजी धरूनच खाली बसले. "साथीच्या आधी चार दिवस पटकीची लस टोचणारा गावात आला होता. अरूला बारीक ताप होता, म्हणून विमलनं त्याला दारातून परत पाठवलं. परवा या म्हणाली. परवा तो दुसऱ्या गावाला निघून गेला. मला तो रस्त्यात भेटला, म्हणाला, मास्तर, तुमच्या घरचं राहिलं."

पुंजाराम उभाच होता.

"चावडीपुढं बोललो तेव्हा मला हे माहीत होतं. कुणीतरी विमलला विचारलं असतं, पोरीला टोचलं होतं का म्हणून. ते कुणी विचारू नये म्हणून मी तुझं नाव घेतलं. दोष तुझा नव्हता. गाड्याचा तर नव्हताच. मी मास्तर होतो, मला कळत नव्हतं का?" त्यांनी चष्मा काढला. "तुझ्या हातचं पाणी घेताना तुझ्याकडं बघावं लागलं असतं. म्हणून तो तांब्या."

ज्या वाक्याची एवढी वाट पाहिली ते वाक्य आलं, आणि पुंजारामला काहीच वाटलं नाही. आता हलकं वाटेल, मग वाटेल, म्हणून तो थांबून राहिला. हलकं काही वाटलं नाही. मग तो म्हणाला, गावातल्यासारखं 'तात्या' म्हणून म्हणाला, "तात्या, टोचनारा आमच्या वस्तीत आलाच न्हवता. आमच्या भिवाला कोन टोचनार?"

"भिवा कोण?" जगन्नाथरावांनी विचारलं.

पुंजारामनं सांगितलं नाही. सतरंजीचं टोक त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि गुंडाळी पुरी केली. जगन्नाथराव उठले, दोन पावलं गेले आणि परत आले. "विमलला कळू देऊ नको. मला सगळं माहीत आहे हे तिला कळलं तर ती कोसळेल. एवढं ऐक माझं." पुंजारामनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माणूस आळ परत घ्यायला येतो आणि जाताना तोच आळ अजून थोडे दिवस सांभाळ म्हणून सांगतो, याला काय म्हणावं? रोमच्या लोकांनी निदान कागद तरी उघड वाचला होता.

टेबलावर फिरकीचा तांब्या तसाच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी दहाच्या सुमाराला पुंजाराम तो तांब्या घेऊन जगन्नाथरावांच्या घरी निघाला. तांब्या सोमवारी ऑफिसातही देता आला असता, हे त्याला कळत होतं. आपण तांब्या द्यायला निघालो नाही, हेही कळत होतं. विमलबाईंना सगळं सांगून टाकायचं, एवढं त्यानं ठरवलं होतं. साळू अठरा वर्षं जे वागवत होती ते एक दिवस विमलबाईंनी वागवलं तर काय बिघडलं? रस्ताभर त्यानं वाक्यं जुळवली. दारात आला तेव्हा त्यातलं एकही आठवेना.

दार विमलबाईंनीच उघडलं. केस सगळे पांढरे झालेले. गाव सोडल्यापासून पुंजारामनं त्यांना जवळून पाहिलं नव्हतं. त्यांनी मात्र लगेच ओळखलं.

"पुंजा? हे बाजारात गेलेत. बस. ओट्यावर बस." त्यांनी तांब्या हातात घेतला आणि त्याच्याकडं बघत राहिल्या. "काल हे जेवले नाहीत. भाषण कशाबद्दल होतं रे?"

पुंजारामनं आपल्या परीनं सांगितलं. एक देव मेला, आळ भलत्यांवर आला, पिढ्यान्‌पिढ्या राहिला, अन् मंग मोठी मोठी मान्सं जमली अन् म्हनली, त्येंचा दोष न्हवता. विमलबाई ओट्याच्या कडेला टेकल्या. त्यांच्या लुगड्याचा पदर भाजी धुताना ओला झाला होता, तो त्या पिळत बसल्या.

"तुझाही नव्हता," त्या म्हणाल्या.

पुंजारामनं मान वर केली.

"टोचणारा आला होता. मीच परत पाठवला. अरूच्या अंगात ताप होता, सुई बघून ती रडायला लागली, माझ्यानं बघवेना. ह्यांना मी कधी सांगितलं नाही. ह्यांना अजून वाटतं, गाडा राहिला म्हणून झालं सगळं. वाटू दिलं मी. तेवढ्या एका समजुतीवर हे उभे आहेत, पुंजा. मी पाठवलं परत, हे कळलं तर माझ्या हातचं जेवतील का ते? त्यांना सांगू नकोस."

पुंजारामला हसू यायला हवं होतं, अशी ही गोष्ट. अठरा वर्षं नवरा बायकोला जपत होता आणि बायको नवऱ्याला, आणि दोघांनी मध्ये जो आडोसा उभा केला होता ते पुंजारामचं घर होतं. त्या घरात एक पोर मेलं होतं, एक बाई नारळ ठेवून ठेवून झिजली होती. त्यांच्या प्रेमाचा खर्च पुंजारामनं भरला होता. सांगून टाकावं, असं त्याच्या ओठांवर आलं, की बाई, तात्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय. पण त्यानं काय व्हायचं? दोन म्हातारी माणसं एकमेकांकडं बघून रडली असती, इतकंच. आणि साळूनं जे वागवलं होतं ते काही उतरलं नसतं.

विमलबाई आत गेल्या आणि पेला भरून पाणी घेऊन आल्या. हातात हात लागला तर लागू दे, अशा त्या उभ्या राहिल्या.

"साळूचं मात्र माझ्या मनाला लागून राहिलंय," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीवर किती जीव होता तिचा. मला रोज वाटतं, तिला तरी सांगावं. तू एकदा घेऊन ये तिला. हे ऑफिसात गेले की ये. मी माझ्या तोंडानं सांगते, तुम्ही काही केलं नव्हतं म्हणून. आणशील ना?"

पुंजारामच्या हातातला पेला भरलेलाच राहिला.

"ती गेली, बाई. दिवाळीला."

विमलबाई खाली बसल्या. समोरच्या घराच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घालत होतं.

"काही म्हणाली का रे माझ्याबद्दल?"

"तुमच्याबद्दल न्हाई. येवढंच इचारलं, गाडा वढला असता तर भिवा अन् अरू वाचली असती का."

"भिवा?"

"आमचं लेकरू. अडीच वर्सांचं व्हतं. अरूच्या दुसऱ्या दिवशी गेल्तं."

विमलबाईंनी डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांनीच त्यांनी विचारलं, "मग तू काय सांगितलंस तिला? नाही म्हणालास ना? नसती वाचली, म्हणालास ना?"

पुंजारामनं पेला ओट्यावर ठेवला.

"न्हाई, बाई," तो म्हणाला. "मी तिच्यावर रागावलो. दीक्षा घिऊन असलं इचारती म्हनून रागावलो, अन् तोंड फिरवून बसलो. मलाबी ठाऊक न्हवतं ना."